जोड आधी जाहीर करा

जत्रांचा हंगाम आला की कोल्हापूर जिल्ह्यात चहाच्या टपऱ्यांवर, तालमींच्या दारांवर आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर कुस्ती मैदानाची पत्रके लागतात. वर ग्रामदैवताचे नाव, खाली समोरासमोर मल्लांचे फोटो आणि मध्ये ‘विरुद्ध’. कोण कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, इनाम किती, सगळे छापलेले असते. ते वाचूनच माणूस ठरवतो की कामावर खाडा करून जायचे की नाही. आणि पहिल्या नंबरच्या कुस्तीला जाहीर केलेला मल्ल आलाच नाही, त्याच्या जागी भलताच कुणी उतरवला, तर मैदान खवळते. उतरलेला पोरगा कितीही चांगला लढो, लोक त्याची कुस्ती मन लावून पाहत नाहीत. हार-जीत या मातीतला माणूस पचवतो. पत्रकावर एक नाव आणि हौदात दुसरे, हे त्याला पचत नाही.

जिवाभावाच्या कथेचा पुढचा भाग दहा, वीस, तीस वर्षांनी येतो तेव्हा असेच काहीसे घडते, म्हणून हे आठवले. मराठीत अशा पुढच्या भागांची आता रांग लागली आहे. १९९३ च्या ‘झपाटलेला’चा दुसरा भाग २०१३ मध्ये आला. २००८ च्या ‘दे धक्का’मधले जाधव कुटुंब २०२२ मध्ये थेट लंडनला पोहोचले. २००४ चा ‘नवरा माझा नवसाचा’ एसटीतून गणपतीपुळ्याला निघाला होता, २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग रेल्वेत बसला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांतून ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आला आणि तिथून २०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर. दर वेळी लोक मोठ्या हौसेने गेले, दर वेळी त्यांतले काही चेहरा पाडून बाहेर आले, आणि ‘पहिल्याची सर नाही’ हा शेरा ठरलेलाच होता. आमचे म्हणणे असे की ही निराशा पुष्कळदा पडद्यावर सुरूच होत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, जाहिरातीत सुरू होते. कुणाची जोड कुणाशी लागली आहे, हे प्रेक्षकाला कुणी सांगितलेलेच नसते.

जोड मुळात विषम असते. एका बाजूला नवा चित्रपट असतो आणि दुसऱ्या बाजूला उभी असते जुन्या चित्रपटाची आठवण. तो आपण दहा वर्षांचे असताना पाहिलेला असतो, शेजारी भावंडे असतात, परीक्षा संपलेली असते. त्यातले रटाळ प्रसंग आपण केव्हाच विसरलेले असतो आणि चांगले प्रसंग सांगून सांगून अधिक चांगले केलेले असतात. आठवण ही अशी मल्ल आहे की तिच्या पाठीला कधी माती लागत नाही. कोणताही शहाणा वस्ताद आपला पठ्ठा तिच्यासमोर उभा करणार नाही. पण ‘तोच आनंद पुन्हा’ असे पोस्टरवर छापणारा निर्माता नेमके तेच करतो.

याचा सर्वांत जुना दाखला आमच्याच गावात आहे. बाबूराव पेंटरांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ मध्ये केला. पुढे व्ही. शांताराम म्हणून गाजलेला तरुण त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत होता. अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये, पेंटरांनी तीच कथा पुन्हा घेतली आणि तिचा बोलपट केला. दिग्दर्शक तोच, कथा तीच, शिवाय हाताशी आवाजाचे नवे साधन. तरीही मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना अभिमानाने नाव निघते ते मूकपटाचे. तो पडद्यावर पाहिलेला माणूस आज शोधून सापडणार नाही, आणि तरी बोलपट मोजला जातो तो त्याच्याच मापाने. स्वतः पेंटरांना स्वतःची आठवण चीत करता आली नाही. मग इतरांनी तो हट्ट का धरावा?

फास्टर फेणेची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण साहसकथांची एवढ्या प्रेमाने जपलेली दुसरी मालिका मराठी मुलांच्या वाट्याला क्वचितच आली आहे. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि परदेशी साहसांनी मुलांचे डोळे दिपवले. पण त्यांचे सर्वांत मोठे देणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, अंगाने काडीसारखा, पायाला भिंगरी लागलेला हा मुलगा वीसेक पुस्तकांतून कधी प्रतापगडावर गेला, कधी गुलमर्गला, कधी जंगलात. ताकद नाही, पैसा नाही, बडा बाप नाही. आहे ती चौकस नजर आणि पाय न थांबण्याची खोड. पैलवानांच्या गावात वाढलेल्या, पण तालमीत कुणी उभेही न करणाऱ्या लुकड्या पोरांना हा मुलगा आपला वाटला, त्यात नवल नाही.

आमच्या घरी ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ची एक प्रत आहे. मुखपृष्ठ केव्हाच गळून पडले, त्यावर वर्तमानपत्राचे कव्हर चढले, मग तेही पिवळे पडले. आतल्या पहिल्या पानावर तीन नावे आहेत. मामाचे शाईपेनने लिहिलेले, त्याखाली आमचे पेन्सिलने, आणि सर्वांत खाली भाचीचे जांभळ्या जेलपेनने. तिघांनीही नावापुढे इयत्ता लिहिली आहे. पाचवी, चौथी, पाचवी. पन्नास वर्षांत पुस्तक तीन हातांतून गेले, पण ते हातात पडण्याचे वय बदलले नाही. या तीन इयत्तांतच आमचे सगळे म्हणणे आले.

२०१७ च्या ऑक्टोबरात ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचे, नायक अमेय वाघ. त्या आठवड्यात आम्हीही पाहायला गेलो होतो. पुढच्या रांगेत पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आणि त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती. दिवे जाण्याआधी ते तिला जीभ टाळूला लावून फेणेचा तो ‘ट्टॉक’ आवाज काढायला शिकवत होते. तिला तो जमेना, यांना हसू आवरेना. त्यांचा चेहरा त्या वेळी मुलीच्या वयाचा झाला होता. मध्यंतरात मुलगी म्हणाली, “बाबा, पण हा तर मोठा दादा आहे. पुस्तकातला फेणे कुठाय?” त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि सांगितले, “तो मोठा झाला, बाळा.” मुलगी काही बोलली नाही. पॉपकॉर्न खात राहिली.

त्या चित्रपटावर आमचा राग नाही, उलट त्याचे कौतुकच आहे. उशिरा येणाऱ्या कामाने काय करावे, यातल्या दोन गोष्टी त्याने नीट केल्या. एक म्हणजे, त्याने जुन्या पुस्तकाची नक्कल केली नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण फेणे घेतला आणि परीक्षेतल्या गैरव्यवहाराची आजची गोष्ट सांगितली. दुसरी म्हणजे, २००१ मध्ये आपल्यातून गेलेल्या भागवतांना त्याने कथेतच एक माणूस म्हणून आणले आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. ऋण उघडपणे मान्य केले. नायक वाढला आहे हे पहिल्या पोस्टरपासून दिसत होते, म्हणजे जोड लपवलेली नव्हती. म्हणूनच जुन्या वाचकांनी तो आपला मानला.

पण त्या मुलीचा प्रश्न उरतोच. फेणे मोठा झाला, कारण त्याचे चाहते मोठे झाले होते आणि तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशात होते. ज्या वयासाठी भागवतांनी तो लिहिला, त्या पाचवीतल्या मुलाचा हक्क तसाच पडून राहिला. पुढचा भाग कधी येणार, असे आजही लोक एकमेकांना विचारतात. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे असतात. त्यात आम्हीही आहोत. आपल्याला आपले बालपण परत हवे असते, आणि ते कोणताही दिग्दर्शक देऊ शकत नाही. फुरसुंगीसुद्धा आता तेव्हाचे गाव राहिलेले नाही, पुण्याने ते कवेत घेतले आहे. मग सायकलवरून भरधाव निघालेल्या मुलाला तेव्हाचा रिकामा रस्ता कुठून मिळणार?

‘झपाटलेला’ची अडचण याहून अवघड होती. पहिल्या चित्रपटाचा जीव लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या धांदलीत होता. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि प्रभावळकरांचा आवाज यांनी तात्या विंचू उभा केला, पण त्या बाहुल्याला घाबरून दाखवणारा माणूस लक्ष्या होता. बाहुल्याची भीती आपल्याला वाटली ती त्याच्या डोळ्यांतून. बेर्डे २००४ मध्ये गेले. २०१३ मध्ये महेश कोठारे यांनी दुसरा भाग केला, तेव्हा लक्ष्याच्या मुलाची गोष्ट रचली, ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली आणि जोडीला त्रिमिती आणली. बाहुला अधिक सफाईने हलत होता, आवाजही जुनाच होता. तरी प्रेक्षागृहातल्या मोठ्या माणसांचे डोळे जो माणूस येणार नाही त्याला शोधत राहिले. यात नव्या नटाचा काडीचा दोष नाही. मुलगा वडिलांच्या जागी उभा राहत नसतो, तो स्वतःच्या जागी उभा राहतो. हे आधीच ठामपणे सांगितले असते, तर त्याचे काम लोकांनी अधिक मोकळ्या मनाने पाहिले असते. आता तिसऱ्या भागाची चर्चा असते, आणि गेलेल्या कलावंतांना यंत्राच्या साहाय्याने पडद्यावर परत आणण्याची भाषा तर जगभर चालू आहे. आमचे मत स्पष्ट आहे. चेहरा आणता येईल, आवाजही जुळवता येईल. पण समोरच्याने वाक्य टाकल्यावर लक्ष्या पुढच्या क्षणाला काय करील, हे त्यालाही आधी ठाऊक नसायचे, आणि आपण हसायचो ते त्यालाच. ते आणता येणार नसेल, तर ‘लक्ष्या परत येतोय’ असे पत्रक लावू नये.

अशा वेळी थांबणे हाही एक मार्ग असतो. सत्यजित राय यांनी आपल्याच फेलूदा कथांवर १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’ आणि १९७९ मध्ये ‘जय बाबा फेलुनाथ’ हे चित्रपट केले. त्यांत जटायू हा साधाभोळा लेखक संतोष दत्त यांनी असा रंगवला की पुढे राय पुस्तकातली जटायूची चित्रेही त्यांच्या चेहऱ्यावरून काढू लागले. १९८८ मध्ये संतोष दत्त वारले आणि राय यांनी ठरवले की आता फेलूदाचा चित्रपट आपण करायचा नाही. मागणी होती, कथा हाताशी होत्या, तरी ते त्या वाटेला पुन्हा गेले नाहीत. पुढे त्यांचे चिरंजीव संदीप राय यांनी नव्या नटांना घेऊन फेलूदा आणला, तो त्यांचा स्वतःचा म्हणून. बंगाली प्रेक्षकाला कोणाचा फेलूदा पाहायला जातो आहोत, याबद्दल संभ्रम नव्हता.

आणि परत यायचेच असेल, तर कसे यावे, हे कॉनन डॉयल यांनी दाखवून दिले. १८९३ मध्ये त्यांनी शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले आणि वाचक हळहळले, चिडले. १९०१ मध्ये बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी क्रमशः सुरू झाली, तेव्हा डॉयल यांनी ती कथा होम्सच्या मृत्यूच्या आधीच्या काळातली ठेवली. होम्स जिवंत झाल्याचा आव आणला नाही. त्याला खरोखर परत आणले ते १९०३ मध्ये, आणि तो कसा वाचला याचा हिशेब पहिल्याच कथेत चुकता केला. वाचकाला दोन्ही वेळा काय मिळणार ते माहीत होते. भूक त्यांनी भागवली, पण वाढण्याआधी ताटात काय आहे ते सांगितले.

मराठी निर्मात्यांना आमचे सांगणे एवढेच आहे की अशा चित्रपटाची पहिली जाहिरात कुस्तीच्या पत्रकासारखी असावी. पहिल्यातले कोण आहे आणि कोण नाही, हे सर्वांत आधी सांगावे. जे गेले त्यांची नावे आदराने घ्यावीत, पण त्यांच्या फोटोवर तिकिटे विकू नयेत. गोष्ट कोणासाठी आहे, पूर्वीच्या मुलांसाठी की आजच्या, हे ठरवावे आणि तसे बोलावे. दोघांनाही खूश करू पाहणारा चित्रपट शेवटी दोघांनाही परका होतो. आणि हा भाग आत्ताच का, याचे उत्तर स्वतःपाशी तरी असावे. सांगण्यासारखी नवी गोष्ट सापडली, हे खरे उत्तर. जुने नाव अजून चालते, हे उत्तर प्रेक्षकाच्या तोंडावर सांगता येत नाही, आणि जे तोंडावर सांगता येत नाही ते करू नये.

यावर कुणी म्हणेल, एवढे खरे सांगितले तर पहिल्या तीन दिवसांची गर्दी होणार नाही. ही भीती खोटी नाही. मराठी चित्रपटाला आधीच खेळ कमी मिळतात, आणि शुक्रवार ते रविवार जे जमले त्यावर सोमवारचा खेळ राहतो की जातो ते ठरते. आमच्या शहरात व्हीनस कॉर्नर किंवा उमा टॉकीज चौक अशी नावे आजही तोंडी आहेत. चित्रपटगृहांवरून चौक ओळखले जावेत एवढे या गावाने सिनेमावर प्रेम केले. पण हाच प्रेक्षक एकदा फसला की पुढच्या वेळी ‘टीव्हीवर येईल तेव्हा बघू’ म्हणतो, आणि त्याचा फटका पुढच्या प्रामाणिक चित्रपटाला बसतो. खोट्या जोडीवर एक मैदान भरते. दुसऱ्या वर्षी त्याच गावाच्या मैदानात माती उकरलेली असते आणि बघायला माणसे नसतात.

प्रेक्षकांनाही, म्हणजे आपल्या सगळ्यांना, एक सांगायचे आहे. नव्या भागाला जाताना आठवण घरी ठेवून जाणे कुणालाही जमणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. मात्र पहिल्या दहा मिनिटांत तुलना सुरू करून शेजारच्या मुलाचा आनंद आपण बिघडवू नये. ‘आमच्या वेळचा बघायला हवा होतास’ हे वाक्य मुलाला जुन्या कथेजवळ कधीच नेत नाही, ते त्याला दूर लोटते. त्याला खरेच जवळ न्यायचे असेल, तर मूळ पुस्तक हातात द्यावे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात उभे आहे, गावोगावी वाचनालये आहेत, भागवतांची पुस्तके आजही मिळतात. मुलाने आधी ती वाचली, तर पुढे येईल त्या चित्रपटाला तो स्वतःच्या आठवणीने मोजेल. आपली आठवण त्याच्या डोक्यावर द्यायची गरज उरणार नाही.

फास्टर फेणेचा पुढचा चित्रपट कधी ना कधी यावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. ज्यांच्या हाती ते काम येईल त्यांना कळकळीची विनंती आहे की या वेळी फेणेला पुन्हा शाळेत पाठवा. आजची सायकल द्या, आजचा रस्ता द्या, आजचे चोर द्या. आणि आम्हा जुन्या वाचकांना पत्रकावर ठळक अक्षरांत सांगा की हा चित्रपट तुमच्यासाठी नाही, पाचवीतल्या मुलाचा हात धरून या. आम्ही येऊ. तिकीट काढू, मागच्या रांगेत बसू, आणि मध्यंतरात मुलांनी काही विचारले तरच बोलू.